पऱ्हाटीवरचा केक

माझा भाऊ धम्मदीप हैदराबादहून केक घेऊन आला, तेव्हाच मला कळलं की यंदाच्या नाताळात भांडण होणार.

केक साधासुधा नव्हता. धम्मदीप तिथल्या एका मोठ्या हॉटेलात केक बनवायचंच काम करतो. पांढरंशुभ्र क्रीम, वर साखरेची लाल फुलं, बर्फाच्या डब्यात ठेवलेला आणि डब्याला सीटचा पट्टा बांधलेला. त्याची बायको अर्पिता हिला सुटी मिळाली नव्हती, तेव्हा तिच्या जागेवर केक बसून आला होता. फुलसावंगीच्या आमच्या घरासमोर चोवीस तारखेच्या दुपारी त्यानं तो डबा असा अलगद उतरवला, जणू बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणलं.

"आता चूल पेटवायची गरज नाही," तो म्हणाला. "आईले धुरानं दम लागते. उद्या दुपारी तिले घेऊन निघायचं आहे. कायले उगाच राख करून ठेवायची?"

"आपल्या घरी नाताळचा केक चुलीवरच होते," मी म्हटलं.

"होत होता. बाबा होते तवा."

असं म्हणून त्यानं फ्रीजमधलं दूध, कोथिंबीर, कालची आमटी सगळं बाहेर काढलं आणि केक आत ठेवला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चुलीचा त्याला एवढा राग का, ते मला पक्कं ठाऊक होतं. तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझी आई एस्तेर. यवतमाळच्या मिशन कंपाउंडात वाढली, नर्स झाली आणि फुलसावंगीच्या दवाखान्यात आली. बाबा धम्मरत्न. घरानं धम्मदीक्षा घेतल्यावर जन्मलेलं पहिलं पोर म्हणून हे नाव. त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे आमच्या मोठ्या बाबांचं, जुनं डोमाजी नाव तसंच राहिलं. बाबा शाळेत मास्तर होते. दोघांनी लग्न केलं तेव्हा आईच्या वडिलांनी सांगितलं, पुन्हा आमच्या दारात येऊ नको. बाबांच्या आईनं सांगितलं, माझ्या घरात प्रार्थनाबिर्थना चालणार नाही.

लग्नानंतरचा पहिला नाताळ. पंचवीस डिसेंबरला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, म्हणून आमच्या विहारात त्या दिवशी सभा असते. बाबा सभा करून घरी आले तर आई अंगणात पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, पुढ्यात घेऊन बसलेली. गंजात वाळू, वाळूवर केकचं भांडं, वर निखारे ठेवायला लोखंडी ताटली. सगळं होतं, फक्त आग होत नव्हती. ओली लाकडं नुसती धुपत होती. बाबांनी मागच्या कुडाजवळची पऱ्हाटी आणली. कापूस निघाल्यावर शेतातून उपटलेली झाडं, आमच्याकडे सगळ्यांच्या चुलीत तीच. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, केक होईपर्यंत सारखी घालत राहावी लागते. एक काडी मोडून बाबा म्हणाले, "तुह्या बापानं म्हटलं येऊ नको. मानत नाही." टाकली आत. आईनं दुसरी मोडली. "तुमच्या आईनं म्हटलं प्रार्थना नको. मानत नाही." अशी त्यांची चढाओढ लागली आणि केक झाला.

तेव्हापासून आमच्या घरी नाताळ असाच होतो. दुपारी अंगणात चूल, ज्यानं त्यानं काडी मोडायची, वर्षभरात आपल्यावर लादलेली, मनाला न पटलेली गोष्ट मोठ्यानं सांगायची, मानत नाही म्हणायचं आणि आगीत घालायची. कायदा एकच, बाबांचा: चुलीपुढं बोललेलं घरात कोणी खोडायचं नाही. बाबा म्हणायचे, ज्या साली या घरातलं कोणी मुकाट्यानं ऐकायला लागेल, त्या साली केक कच्चा राहील.

गंमत वाटते ना? आमच्यासाठी ती गंमत नव्हती. मी बारावीत असताना मोठ्या बाबांनी माझ्यासाठी महागावचं स्थळ आणलं होतं, बोलणी होत आली होती. मी चुलीपुढं काडी मोडली आणि दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः जाऊन नकार देऊन आले. मोठे बाबा सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत. आणि हाच धम्मदीप! याला डॉक्टर करायचं आईबाबांचं स्वप्न होतं. यानं काडी मोडली, "मले डॉक्टर नाही बनायचं, मले केक बनवायचे आहेत." बाबांचा चेहरा उतरला, आई उठून आत गेली, पण खोडलं कोणी नाही. ज्या चुलीनं याला सोडवलं, तिच्याच धुराचा याला आता त्रास व्हायला लागला होता.

कारण उघड होतं. बाबा जुलैत गेले. मोठे बाबा आणि धम्मदीप दोघांनी बसून ठरवलं की आईनं एकटं राहायचं नाही, घराला कुलूप घालायचं, आईनं हैदराबादला जायचं. आई फक्त "बरं" म्हणाली. दोन्ही घरच्यांना, दवाखान्यातल्या डॉक्टरांना, सरपंचाला, सगळ्यांना उभ्या आयुष्यात उलट उत्तर दिलेली बाई नुसती "बरं" म्हणाली! पण चूल पेटली असती तर आईच्या हातात काडी आली असती. म्हणून क्रीमचा केक.

मला हे मान्य नव्हतं. मी पांढरकवड्याला शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही, दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. आईनं माझ्याकडे यायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. खिडकीजवळ तिच्यासाठी नवा पलंग टाकला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, संध्याकाळी ती कोणत्या बाजूला फिरायला जाईल तेसुद्धा बघून ठेवलं आणि फोनवर तिला सांगूनही टाकलं. हैदराबादला ती कोणाशी बोलणार? दिवसभर नवराबायको कामावर. माझ्याकडे तिची नीट काळजी घेतली गेली असती. फक्त तिनं चुलीपुढं एकदा म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी मोठे बाबा आले. काठी भिंतीला टेकवली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "यंदा चूल नाही पेटवायची. धम्मरत्नाले जाऊन वर्ष नाही झालं. वर्षाच्या आत घरात सण नसते करत."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. विहाराच्या प्रत्येक सभेत जुन्या रूढी गाडून टाका म्हणून टेबलावर मूठ आपटणारा हा माणूस!

"मोठे बाबा, हे वर्षाचं कोणत्या धम्मात सांगतलं आहे?"

"धम्मात नाही सांगतलं. गावात आहे," ते शांतपणे म्हणाले. "लोक पाहतात, बाई."

आई पदर खोचून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं वर पाहिलं नाही. "भाऊजी, च्या घेता का?" एवढंच विचारलं. मला तिचा भयंकर राग आला. बाबा असते तर तिनं असं ऐकून घेतलं असतं का? की तिची सगळी हिंमत बाबांची उसनी होती? असं काहीबाही माझ्या मनात आलं आणि त्याच रागात मी चहासाठी साखरेचा डबा काढायला गेले.

साखरेच्या डब्यामागं बरणी होती. कापडानं तोंड बांधलेली. मी सोडून पाहिली आणि तिथंच उभी राहिले. संत्र्याच्या रसात भिजलेली सुकी बोरं! आमच्या केकमध्ये मनुके नसतात. आईच्या लग्नाच्या साली फुलसावंगीत मनुके मिळाले नाहीत, तिनं बोरं सुकवून घातली, ती चव घराला लागली. ती बोरं डिसेंबर लागला की भिजत घालावी लागतात. म्हणजे "बरं, बरं" म्हणत कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या माझ्या आईनं गुपचूप बोरं भिजवून ठेवली होती.

मी बरणी पुन्हा होती तशी ठेवली आणि चहात साखर दुप्पट घातली. मोठे बाबा एक घोट पिऊन "बाप्पा!" म्हणाले. मला फार बरं वाटलं.

सकाळी आईनं बायबल उघडून येशूच्या जन्माची गोष्ट वाचली, दरवर्षीप्रमाणे. बाबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, बाबासाहेबांच्या फोटोसमोर लावली. मग मला म्हणाली, "ममता, गंज घासून आण."

धम्मदीप चपापला. "आई, केक आहे न घरात!"

"असू दे. म्या कुठं म्हटलं नाही म्हणून?"

मी गंज घासायला मागच्या दारी गेले आणि पाहिलं, तर कुडाजवळची जागा मोकळी. पऱ्हाटीचा सगळा ढीग गायब. एक काडी नाही.

"भागीरथाबाईले देऊन टाकला," धम्मदीप मागून म्हणाला. माझ्याकडे न बघता. "काल आल्याबरोबरच. घर बंद राहणार, ढिगात साप शिरतील."

"सापाची काळजी! किती शहाणा वो माझा भाऊ!"

मी ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. भागीरथाबाई आमच्या शेजारीण, गल्लीच्या पलीकडच्या टोकाला. तिनं मला पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता स्वतःच भारा बांधायला लागली. "काल भाऊनं आणून टाकली तवाच म्या म्हटलं, नाताळ अन् सिस्टरबाईची चूल नाही म्हणजे काय? ने. तुमचीच आहे." भारा तिनं माझ्या डोक्यावर चढवला. कॉलेज संपवून गाव सोडल्यापासून मी डोक्यावर काही घेतलं नव्हतं. भर सकाळी गल्लीतून चालताना लोक ओट्यावरून बघत होते, एक-दोघांनी विचारलंही, "काहून वो मॅडम, गॅस संपला का?" मी म्हटलं, "गॅस आहे. आज पऱ्हाटीच पाहिजे." मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. लोक पाहतात ना, पाहू देत म्हटलं.

दुपारी अंगणात चूल मांडली. आईनं कणीक, रवा, गूळ, अंडी फेटून घेतली, दालचिनी आणि चारोळी घातली, मग बरणीतली बोरं. धम्मदीपनं बरणी पाहिली आणि खाली मान घातली. केक बनवणारा माणूस तो. बोरं कधी भिजत घातली असतील हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मोठे बाबाही आले. आमच्याकडे पाठ करून खुर्ची ठेवली आणि बसले, म्हणजे ते सणाला आलेले नव्हते, नुसते अंगणात बसले होते.

आग नेहमी बाबा बघायचे. कोणती काडी कुठं, ताटलीवर निखारे किती, दुसऱ्या कोणाला ते हात लावू द्यायचे नाहीत. धम्मदीप पुढं सरकला तसं आईनं त्याला हातानं मागं सारलं आणि स्वतः चुलीपुढं बसली.

पहिली काडी दरवर्षी बाबांची असायची. आईनं ती हातात घेतली. "ही यायची, तुमच्या बाबांची," ती म्हणाली. "भाऊजी म्हणतात वर्षभर सण नाही. यायनं हे मानलं नसतं." काडी मोडली आणि आत घातली. मोठ्या बाबांची पाठ जरा ताठ झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होता, पण धुराचं नव्हतं ते.

मग मी. शाळेतलं एक प्रकरण होतं, ते घातलं. लग्नावरून टोचणाऱ्या बायकांचं घातलं. धम्मदीपनं काडी घेतली, बराच वेळ फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "हॉटेलवाले म्हणतात सणाच्या दिवशी सुटी नाही. म्या भांडून घेतली. मानत नाही." एवढंच. वर निखारे पडले, खाली जाळानं जोर धरला, गूळ आणि दालचिनीचा वास सुटला. आईला खोकला आला. धम्मदीप ताडकन उठला.

"बस खाली," आई म्हणाली.

तो बसला. आईनं खोकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि काडी उचलली. म्हण आई, म्हण एकदाचं.

"धम्मदीप म्हणते हैदराबादले चल. एकटीनं राहायचं नाही म्हणते." काडी मोडली. "मानत नाही. नाही जात."

मी जवळजवळ टाळी वाजवली. धम्मदीपचं तोंड एवढंसं झालं होतं आणि खरं सांगते, मला त्याची जराही दया आली नाही. मी ओठापर्यंत आणलं होतं, आई, तुझा पलंग तयार आहे. पण आईनं दुसरी काडी उचलली होती आणि ती माझ्याकडे बघत होती.

"ममतानं मले न विचारता पलंग घेतला. बाथरूमात दांडा लावला. म्या कुठं फिरायले जायचं ते बी तिनंच ठरवून टाकलं." काडी मोडल्याचा आवाज आला. "ते बी नाही मानत."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"आई, पण म्या त..."

"खोडायचं नाही," धम्मदीप म्हणाला. एवढ्या आनंदानं म्हणाला की मला त्याच्या डोक्यात काडी घालावीशी वाटली.

मला राग आला, खूप आला. चूल पेटावी म्हणून भांडले मी, डोक्यावर भारा आणला मी, आणि माझीच काडी त्या आगीत? मी तिला ओढून नेत नव्हते. माझं तिच्यावर प्रेम होतं. घरी परतल्यावर दार उघडलं की आत कोणीतरी असावं, एवढंच मला हवं होतं. पण तो पलंग मी तिच्यासाठी घेतला की माझ्यासाठी, हे चुलीपुढं बसून स्वतःला विचारलं तेव्हा उत्तर काही चांगलं आलं नाही.

आई बोलतच होती. आता काड्या दोन-दोन घालत होती. "नोकरीभर दुसऱ्याच्या बाळंतपणाच्या वेळेवर उठली मी. मंग यायच्या पथ्याच्या वेळेवर उठली. आता मी मले वाटन तवा उठीन. मानत नाही. सिस्टरबाई म्हातारी झाली म्हणतात, मानत नाही. अन् हे आगीचं काम बायकांचं नाही म्हणून तुमचे बाबा मले निखाऱ्याले हात लावू देत नव्हते न, ते बी मी कधीच मानलं नव्हतं. सांगतलं नाही एवढंच."

"बापरे, धम्मरत्नालेही नाही सोडलं!" मोठे बाबा म्हणाले. केव्हा कोण जाणे, पण त्यांची खुर्ची आता चुलीकडे वळलेली होती.

बोलता बोलता आईचं आगीकडे लक्ष राहिलं नाही. मलाच जळका वास आला. गंज उतरवला, ताटली काढली, तर वरून केक तपकिरी, सुंदर, आणि खालून काळा ठिक्कर. धम्मदीप घाईनं सुरी घेऊन आला. तो त्याचा धंदाच. काळं अलगद खरवडून टाकलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

"खरवडू नको," आई म्हणाली.

"आई, कडू लागन न."

"लागू दे. इतकं सगळं न मानल्यावर जळणारच."

ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं, आणि माझा राग अर्धा तिथंच गेला. अर्धा अजून आहे, खोटं कशाला बोलू? आम्ही चौघांनी तो केक काळ्या बुडासकट खाल्ला. खालचं कडू होतं, वर बोरं आंबटगोड होती. मोठ्या बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा कागदात बांधून घेतला. क्रीमचा केक भागीरथाबाईकडे गेला, पऱ्हाटीच्या बदल्यात. तिच्या नातवंडांनी त्यावरची लाल फुलं आधी खाल्ली म्हणे.

धम्मदीप दुपार कलल्यावर निघाला. आईनं त्याच्या गाडीत, जिथं केक बसून आला होता तिथं, अर्पितासाठी संत्र्यांची पिशवी ठेवली. आईच्या पाया पडताना तो बराच वेळ वाकून राहिला. मग मला बसथांब्यावर सोडायला आई स्वतः आली. एसटी लागलेलीच होती. मी खिडकीत बसले आणि म्हटलं, "पुढच्या रविवारी येते मी."

आईनं खिडकीचा गज धरला. "ये न. पण फोन करून ये."

"फोन कायले? तू काय कुठं जाणार आहे?"

"तेच त सांगून राह्यली तुले," आई म्हणाली. "मी घरी असेनच असं नाही."